घसारा

माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्याच वाटणीची खारी चहात बुडवत एका गृहस्थांनी काल मला मुलाखतीत नापास केलं.

गृहस्थ म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे काका. सहकारी बँकेतून निवृत्त. बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) क्रेडिट अ‍ॅनालिस्टच्या, म्हणजे कर्ज द्यावं की नाही ते तपासणाऱ्याच्या जागेसाठी माझी मुलाखत होती आज, आणि आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगीत आईला सांगितलं की जिन्याला सांगितलं. दोन आठवडे मी डीसीएफ आणि बीटा, म्हणजे कंपनीची किंमत आणि शेअरची जोखीम मोजायची गणितं, घोकत होतो. काका आले ते थेट, "चल, घेतो तुझी परीक्षा. मी पॅनेलवर बसलोय." (शिपाईभरतीच्या, असं आई नंतर म्हणाली.)

"एक रुपयाच्या नोटेवर सही कुणाची?"

"गव्हर्नरची."

"अर्थसचिवाची!" आनंदाच्या भरात त्यांनी दुसरी खारी उचलली. "बरं, तेरीज म्हणजे काय?"

मला वाटलं, विदर्भातला एखादा पदार्थ असेल. तर ते ट्रायल बॅलन्स निघालं, सगळ्या खात्यांच्या शिलकांची यादी. दोन वर्षं एमबीए केलं, त्याचे हप्ते अजून चाललेत, पण तेरीज कुणी शिकवली नाही. द.सा.द.शे. तेवढं व्याज भरता भरता कळलं.

"शेवटचा प्रश्न. घसारा दहा रुपयांनी वाढला, कर पंचवीस टक्के. काय होईल?"

"घसारा म्हणजे... घसरण का?"

काकांनी आईकडे असं पाहिलं, जसं डॉक्टर नातेवाइकांना बाहेर बोलावण्याआधी पाहतात.

घसारा म्हणजे डेप्रिसिएशन, वापरानं यंत्राची उतरत जाणारी किंमत! हा प्रश्न मी इंग्रजीतून निदान तीस वेळा सोडवला होता, वहीत तीन रंगांचे बाण काढून. मी वही आणायला उठलो, तोवर काका म्हणाले, "नफा साडेसातनं घटला. कर अडीचनं वाचला, म्हणजे रोख अडीचनं वाढली. यंत्र दहानं उतरलं. इकडे मालमत्ता साडेसात कमी, तिकडे भांडवल साडेसात कमी. मिळाला ताळेबंद." खारीचा तुकडा चहात पडला, तोही त्यांनी चमच्यानं शांतपणे काढला.

बदला म्हणून मी एबिटडा काढला. व्याज, कर, घसारा, काहीच न वजा करता धरलेला नफा, असं समजावलं.

"म्हणजे दूधवाला, वाणी आणि सोसायटी सोडून मी श्रीमंत," काका म्हणाले. "आणि यावर कर्ज देता तुम्ही?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं तर अजून सुचलेलं नाही.

उठताना निकाल दिला, "जाऊन ये. बीकेसी तरी बघून होईल."

बीकेसी बघून झालं. डोंबिवलीहून कुर्ला लटकत, पुढे शेअर रिक्षात तिसरा, इस्त्रीचा शर्ट मांडीवरच्या फायलीखाली चुरगळलेला. साडेदहाची वेळ होती, सव्वाबाराला आत बोलावलं. एचआरच्या बाईंनी लॅपटॉपवरून नजर न हलवता विचारलं, "नोटीस पिरियड?"

"नव्वद दिवस."

"आम्हाला तीस दिवसांत हवाय. कळवू हं."

संपलं. चार मिनिटं. बायोडेटात नव्वद दिवस पहिल्याच पानावर लिहिलेत. वाचले असते तर माझी सुट्टी वाचली असती. बरं, हे लोक स्वतःच्या माणसाला नव्वद दिवस दावणीला बांधतात आणि दुसऱ्याकडचा माणूस मात्र तीस दिवसांत मागतात. याला कुठल्या खात्यात टाकायचं, हे एकदा कुणीतरी सांगावं. पाणीसुद्धा विचारलं नाही. व्हिजिटर पास मात्र गेटवर आठवणीनं परत मागून घेतला.

संध्याकाळी जिन्यात काका दबा धरून होतेच.

"काय विचारलं?"

त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती आणि चेहऱ्यावर अख्खं पॅनेल.

"घसारा," मी म्हणालो.

"सांगितलंस?"

"साडेसात आणि अडीच."

काका आवाज चढवून वरच्या मजल्यावर ओरडले, "अहो, ऐकलंत का! घसाराच आला!"

आता उद्यापासून काकू पेढे कधी म्हणून विचारणार.