ते नशेचं गाणं नाही

सकाळी सांगलीत विश्रामबागला चहाला थांबलो होतो. गाडीत पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचं 'कम्फर्टेबली नम्ब', म्हणजे 'सुखाने बधिर', चालू होतं. मित्र म्हणाला, "हे गांजावाल्यांचं गाणं ना?" सगळे हसले. मला तो चहा गेला नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला कृष्णेचा महापूर आठवा. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर. पाणी उतरल्यावर हरभट रोडच्या आमच्या कापड दुकानातला गाळ काढताना अण्णा खाली बसले आणि एका ओल्या साडीची घडी घालू लागले. घालायची, मोडायची, परत घालायची. हाक मारली की "बराय मी." डॉक्टरांनी सुई टोचली आणि मला म्हणाले, "काळजी नको, दोन दिवसांत गल्ल्यावर बसतील."

गाण्यात हेच आहे! १९७७ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियात बँडचा गीतकार आणि बेसवादक रॉजर वॉटर्सचं पोट असह्य दुखत होतं. कार्यक्रम व्हावा म्हणून डॉक्टरने त्याला इंजेक्शन दिलं. हात धड उचलवत नसताना तो वाजवत राहिला. १९७९ च्या 'द वॉल' अल्बममधलं हे गाणं त्यातून आलं. माणूस बरा होवो न होवो, स्टेजवर उभा राहिला पाहिजे.

कडव्यांत वॉटर्स डॉक्टर होऊन गातो. धृपदात बँडचा गिटारवादक डेव्हिड गिल्मर पेशंट होतो आणि सूर उदास मायनरमधून उजळ मेजरमध्ये जातो, म्हणजे बधिरपणाच गोड लागायला लागतो. अण्णांचं "बराय मी" असंच गोड होतं. आम्ही फसलो.

गाण्यात संगीतकार मायकेल केमनचा वाद्यवृंद गिल्मरला नको होता, त्याला रांगडं गाणं हवं होतं. वॉटर्स आणि निर्माता बॉब एझ्रिन ऐकेनात. भांडून तडजोड झाली: गाणं वाद्यवृंदाचं, शेवटचा सोलो, म्हणजे एकट्या गिटारचा तुकडा, गिल्मरच्या मनासारखा. पाच-सहा वेळा वाजवून त्यातले चांगले तुकडे त्याने जोडले. तो सोलो लागला की दर वेळी वाटतं, अण्णांनी त्या दिवशी एकदा तरी असा टाहो फोडायला हवा होता.

त्या बँडच्या इतिहासात नशा आहे, बँडचा पहिला गायक सिड बॅरेट नशा करता करता डोक्याने ढळला आणि बँडबाहेर गेला, तेही ठाऊक आहे. असेल. म्हणून बधिर माणसाला गांजेकस म्हणायचं? घरोघरी "गोळी द्या, कामाला लागेल" चाललंय, त्यावर कुणी हसत नाही.

मित्रावर उगाच ओरडलो. आमचा गाळ वाहायला ट्रॅक्टर त्यानेच आणला होता. साडीचं त्याला मी कधी सांगितलंच नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी खरंच शटर उघडलं. पहिल्या गिऱ्हाइकाला कापड मोजून, फाडून, कागदात बांधून दिलं. पैसे घ्यायचे राहिले. ती बाई पायरीवर नोट धरून कितीतरी वेळ उभी होती आणि अण्णा तिच्याकडे बघून हसत होते.