रिपीटर निकामी नव्हता

माझी मावशी जर्सी सिटीत एका उंच इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहते. अग्निशमन दलाचे रेडिओ इमारतीच्या आत चालावेत म्हणून यंत्रणा बसवायची का, यावर तिथल्या घरमालकांचं पुढच्या आठवड्यात मतदान आहे. तेवढ्यात मराठी मंडळाच्या ग्रुपवरून फिरत आलेला एक मेसेज तिने मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "मी नको म्हणून मत देणार, बरोबर ना रे?" मी इमारतींमध्ये मजले पालथे घालून हाच सिग्नल मोजायचं काम करतो. माझ्याच घरात हा मेसेज खरा वाटला, म्हणून हे लिहायला बसलो.

मेसेज थोडक्यात असा: 'ट्विन टॉवर्समध्ये हेच यंत्र होतं, तरी 343 जवान गेले, म्हणजे ते कुचकामी आहे. आता प्रत्येकाकडे मोबाईल आहे. स्प्रिंकलर असले की पुरे. छतावरच्या अँटेनाने कॅन्सर होतो. हा सगळा कंत्राटदारांचा धंदा आहे.'

पहिलंच वाक्य सगळ्यात घातक, कारण ते गेलेल्या माणसांचा आकडा पुढे करून खोटा निष्कर्ष काढतं. 1993च्या बॉम्बस्फोटानंतर वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये रेडिओ रिपीटर, म्हणजे रेडिओचा क्षीण सिग्नल पकडून, वाढवून पुढे पाठवणारं यंत्र, बसवला गेला, हे खरं. पण 11 सप्टेंबर 2001 रोजी त्याचं काय झालं, ते त्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाच्या 2004च्या अहवालातल्या नवव्या प्रकरणात आहे. ते प्रकरण मेसेज लिहिणाऱ्याने उघडलेलंही दिसत नाही.

शहरातल्या दलाच्या इतर संभाषणात व्यत्यय येतो म्हणून हा रिपीटर गरज पडेल तेव्हाच चालू केला जायचा. त्या सकाळी 8:54ला उत्तर मनोऱ्यातल्या कन्सोलवर एक बटण दाबलं गेलं आणि जवानांचे हातातले रेडिओ रिपीटरवरून एकमेकांशी बोलू शकतील अशी सोय झाली. मात्र लॉबीतल्या मुख्य हँडसेटवरून बोलायला दुसरंही बटण दाबावं लागे, आणि ते कोणीच दाबलं नाही. 9:05ला अधिकाऱ्यांनी चाचणी घेतली. हँडसेटवरून आवाज जाईना, आणि दुसऱ्या अधिकाऱ्याचा आवाज त्यावर ऐकू येईना. यंत्र बंद आहे असं समजून उत्तर मनोऱ्यात त्यांनी तो चॅनल सोडून दिला.

दक्षिण मनोऱ्यात तोच रिपीटर वापरला गेला आणि चालला. अग्निशमन दलाचे एक अधिकारी, बटालियन चीफ ओरिओ पामर, 78व्या मजल्यापर्यंत पोचले होते. तिथे दोन ठिकाणी आग आहे, दोन होज लाइन पुरतील, असा निरोप त्यांनी याच चॅनलवरून दिला. त्या संभाषणाचं ध्वनिमुद्रण नंतर मिळालं. 9:59ला मनोरा कोसळला. ज्या यंत्रावरून एक माणूस 78व्या मजल्यावरून बोलत होता, त्याला कुचकामी कसं म्हणता?

एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागेल. उत्तर मनोऱ्यातल्या जवानांच्या मृत्यूचं मुख्य कारण रेडिओचा बिघाड नव्हता, तो एक हातभार लावणारा घटक होता, असं आयोगानेच म्हटलं आहे. काहींजवळ रेडिओच नव्हते, काही वेगळ्या चॅनलवर होते, काहींनी बाहेर पडायचा आदेश ऐकूनही जखमींना सोडलं नाही. रिपीटर नीट वापरला असता तर सगळे वाचले असते, असं मीही म्हणणार नाही. पण यातून 'यंत्र नको' कसं निघतं? यातून निघतं ते हे, की बटणावर अवलंबून असलेलं, कुणी नीट न तपासलेलं यंत्र नको. आज अमेरिकेत ज्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेवरून स्थानिक नियम बेततात, तिचं कलम 510 याच विषयाचं आहे: प्रत्येक मजल्याच्या 95 टक्के भागात सिग्नल, किमान 12 तास पुरेल अशी बॅटरी, दरवर्षी चाचणी. यंत्रात बिघाड झाला तर फायर अलार्मच्या पॅनलवर तो दिसायला हवा. न्यूयॉर्क शहराने तर 2014च्या बांधकाम संहितेत नव्या उंच इमारतींना अशी यंत्रणा सक्तीची केली.

मोबाईलचं म्हणाल, तर धुरात मास्क आणि जाड हातमोजे घातलेला माणूस नंबर लावत बसत नाही. तो रेडिओचं एक बटण दाबतो आणि सगळ्या पथकाला एकाच वेळी ऐकू जातं. शिवाय ज्या जिन्याच्या काँक्रीटमध्ये, ज्या तळघरात, धातूचा थर दिलेल्या ज्या काचेमागे रेडिओ मरतो, तिथे मोबाईलही मरतो. जवान होज जोडतात ते बहुतेक वेळा त्याच जिन्यात.

स्प्रिंकलर हवेतच. पण अडकलेल्या माणसाला शोधायला गेलेल्याने 'मी पडलोय' हे सांगायचं कसं, याचं उत्तर स्प्रिंकलर देत नाही.

कॅन्सरवर फार लिहीत नाही. मजल्यांवरचे हे अँटेना अगदी कमी शक्तीवर चालतात, आणि मेसेज पाठवणारा आपला फोन रोज कानाला लावतो.

कंत्राटदारांबद्दल? हो, थोडं खरं आहे. गरज नसताना यंत्र गळ्यात मारणारे मी पाहिलेत. सिग्नल वाढवणारा, पण चुकीचा बसवलेला अ‍ॅम्प्लिफायर बाहेरच्या रेडिओतही खरखर करून दलाचंच नुकसान करतो. म्हणूनच ज्याच्याकडे त्या फ्रिक्वेन्सीचा परवाना आहे त्याच्या संमतीशिवाय तो बसवता येत नाही. आणि इमारतीत बाहेरूनच पुरेसा सिग्नल येत असेल तर यंत्र बसवायची गरजच नाही, ही सूट त्याच कलमात आहे.

तेव्हा मावशी, मत द्यायच्या आधी बैठकीत एवढं माग: प्रत्येक मजल्याचे वीस चौकोन पाडून केलेल्या मोजणीचा कागद. त्यात दोन्ही जिने, पार्किंगचं तळघर आणि पंपाची खोली आहे का, ते बघ. सिग्नल उणे 95 डीबीएमपेक्षा (डीबीएम म्हणजे सिग्नलची ताकद मोजायचं एकक) कमी पडला असे किती चौकोन आहेत, ते विचार. कागद नसेल तर मतदान पुढे ढकलायला सांग. कागद असेल तर रात्री मला पाठव, आपण दोघं मिळून वाचू.