मोटेची वाइन
आमच्या घरात पोरांना नाव ठेवतात आणि सुनांना नावं ठेवतात. बाटलीला नाव ठेवायची वेळ यंदा पहिल्यांदाच आली.

2001 साली राज्य सरकारनं वाइनसाठी धोरण आणलं, तेव्हापासून आमच्या चुलत दादाच्या डोक्यात हे खूळ होतं. उसाच्या मुलखात द्राक्षं लावली, ती जगली. लाल वाइन तयार झाली. मग कुणीतरी त्याला सांगितलं, "वाइनला नुसती चव चालत नाही, मागं गोष्ट लागते." झालं! दर रविवारी मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी बैठक. मी मराठीचा मास्तर, म्हणजे गोष्ट मी लिहायची.

माळ्यावर चढलो. आधी पाभर निघाली. पण पाभर म्हटलं की गिऱ्हाईक 'बार' ऐकणार. कुळव म्हणताना दोन घोट झालेल्याची जीभ वळणार नाही. शेवटी कोपऱ्यात पणजोबांची मोट सापडली. पत्र्याची, सोंड चेपलेली, बुडाला भोक. दादाचे डोळे भरून आले. आत्या म्हणाली, "ह्यात मी म्हशीला आंबोण कालवत हुते."

तरी नाव ठरलं: 'मोट'. तशी आमच्या भावकीची मोट आजवर कुणाला बांधता आलेली नाही, हा भाग वेगळा.

मी लिहायला बसलो. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणतो, मोट वर येते, सोंडेतून पाणी थारोळ्यात धबाधबा पडतं आणि पाटानं मळ्यात जातं. इथवर ठीक होतं. पण दादा नाशकात वाइन चाखायला शिकून आलेला. म्हणे, जुन्या लाल वाइनला चामड्याचा वास येतो आणि तो चांगला समजतात. जुन्या मोटा चामड्याच्याच असायच्या, तेव्हा तेही घाल! कातडं कमवायला बाभळीची साल, हिरडा लागतो, त्यातला तुरटपणा म्हणजे टॅनिन. द्राक्षाच्या सालीत आणि बियांतही तेच असतं. लाल वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून रंगही उतरतो आणि जिभेला तुरटही लागते. शास्त्र एवढं चोख जुळल्यावर मी कशाला मागं सरतोय? 'पणजोबांच्या चामडी मोटेचा दरवळ' असं ठोकून दिलं.

आबांनी चष्मा लावून ते वाचलं. "चामड्याच्या मोटेचा वास घेतलायस कधी? दरवळ म्हणं! माणूस विहिरीपासनं लांब बसून भाकरी खायचा."

दरवळ खोडला. फोटोसाठी मोट घासायला काढली. राख आणि काथ्या घेऊन तासभर घासल्यावर कडेला खिळ्यानं ठोकलेली अक्षरं दिसायला लागली. मी मोठ्यानं वाचली आणि घरात शांतता पसरली. नाव पणजोबांचं नव्हतंच. विहिरीच्या वाट्यावरून ज्यांच्याशी आमचं तीन पिढ्या बोलणं नाही, त्या वरल्या वाड्याच्या भाऊबंदांचं होतं.

"पणजोबांनी मागून आणली असंल," आत्या म्हणाली. कुणी मागून आणली, कुणी उचलून आणली यावर पुढचे दोन रविवार गेले. तेवढ्यात बातमी वरल्या वाड्यावर पोचली. तिथून निरोप आला: "मोट आमची, तवा वाइनबी निम्मी आमची."

परवा मोट परत गेली. तीन पिढ्यांनी त्यांच्या घरी चहा झाला, बरोबर दोन बाटल्याही गेल्या. घरी आल्यावर दादा डोकं धरून बसला. आबांनी पायातली करकरणारी कोल्हापुरी कापशी चप्पल काढून त्याच्यापुढं धरली.

"चामड्याचाच वास पायजे न्हवं? मग 'कापशी' ठेव की नाव."

मी हसलो. दादा हसला नाही. त्यानं वही उघडली. ट्रेडमार्कला चप्पल वर्ग 25 मध्ये येते, वाइन वर्ग 33 मध्ये, तेव्हा भांडणाला जागा नाही, असं पुटपुटत त्यानं ते लिहून घेतलं.

आत्यानं हळूच विचारलं, "बाटली उघडताना करकर वाजंल का रं?"