समुद्री गोगलगायींचा वेगळा वर्ग? ती पोस्ट चुकीची आहे

सगळ्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय, की मोलस्कचे (म्हणजे मऊ अंगाच्या, बहुतेक कवच असलेल्या प्राण्यांचे) तीन वर्ग आहेत: शिंपले, समुद्री गोगलगायी आणि जमिनीवरच्या गोगलगायी, त्यात कवडी शिंपल्यांमध्ये येते आणि माकूल (स्क्विड) हा मासा. मुलं हेच पाठ करतील म्हणून एकेक मुद्दा घेतो.

सगळ्यात मोठी चूक त्या तीन वर्गांची. समुद्रातल्या आणि जमिनीवरच्या गोगलगायी एकाच वर्गात येतात, गॅस्ट्रोपॉड म्हणजे उदरपाद. कुठे राहते यावरून वर्ग ठरत नाही, शरीराची रचना आणि पूर्वज कोण यावरून ठरतो. गॅस्ट्रोपॉडची खूण म्हणजे अळी असतानाच शरीराचा वरचा भाग 180 अंशांपर्यंत पिळला जातो, त्यामुळे गुदद्वार डोक्याच्या बाजूला येतं. शिंपल्यात असला पीळ नाहीच.

आता ओहोटीला कोकणातल्या कातळावर जा, चपट्या टोपीसारखे शंख चिकटलेले दिसतील. त्यातला सेलाना कल्ल्यांनी श्वास घेतो, पण तसाच दिसणारा सायफोनारिया हवेतही श्वास घेतो, त्याला फुफ्फुसासारखी पोकळी असते आणि हवा आत यायला शंखाच्या उजव्या कडेला थोडा फुगवटा असतो, नीट बघितलं की कळतो. हा सायफोनारिया शेजारच्या सेलानापेक्षा आपल्या बागेतल्या गोगलगायीचा जवळचा नातेवाईक आहे! (त्याची एक जात तर बॅसीनच्या, म्हणजे आपल्या वसईच्याच नावाने आहे.) मग समुद्री एकीकडे नि जमिनीवरच्या दुसरीकडे अशी रेघ मारायची कुठे?

कवडीचं म्हणाल तर ती पण गॅस्ट्रोपॉडच. खालची फट बघून दोन शिंपा जोडल्यात असं वाटतं खरं, पण लहान कवडी साध्या शंखासारखी वेटोळी असते, मोठी होताना बाहेरची कड आत वळते आणि शेवटचा वेढा बाकीचे वेढे झाकून टाकतो. कवडी आडवी कापली की आतली वेटोळी दिसतात. शिवाय तिला खरवडून खायला दातेरी जीभ असते, शिंपल्याला ती नसते, तो पाणी गाळून खातो. आपण खातो त्या तिसऱ्या नि कालवं हे शिंपलेही असेच.

माकूल मासा नाही, त्याला पाठीचा कणाच नाही. तो मोलस्कच, फक्त शीर्षपाद वर्गातला, ऑक्टोपसबरोबर.

आणि तीनच वर्ग कसे? कातळाला चिकटणारे, पाठीवर आठ पट्ट्या असलेले कायटन आणि हस्तिदंतासारखे नळीदार शंखवाले यांचे वेगळे वर्ग आहेत, पोस्टमध्ये त्यांचा पत्ताच नाही.