स्प्लेंडरवर दोन पोती

गेल्या रविवारी परभणीत एका कार्यक्रमाला गेलो होतो. पाहुणे छान बोलले. बोलता बोलता म्हणाले, "मोबाइल आणि टॅबलेट ही बघायची यंत्रं. काम करायचं असेल तर कॉम्प्युटरच पाहिजे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. वीस वर्षं डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून छपाईला तयार करायचं, दुकान चालवलेल्या माणसाला हे वाक्य गोडच लागणार की! घरी पोचेपर्यंत मात्र ते खुपायला लागलं.

माझं दुकान म्हणजे एक कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि उन्हाळ्यात लग्नपत्रिकांचे गठ्ठे. पेजमेकर, कोरल ही पानं मांडायची सॉफ्टवेअरं आणि श्रीलिपीचे मराठी फाँट. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मी झोपेतही टाइप करीन. त्या काळात मराठी टाइप करता येणं ही एक विद्या होती आणि ती शहरात मोजक्याच लोकांकडं होती. माझी फाइल दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडली आणि त्याच्याकडं तो फाँट नसला, की पडद्यावर नुसता किचाट. युनिकोड म्हणजे कुठल्याही यंत्रावर तीच अक्षरं उघडावीत म्हणून ठरवलेली जगभरची पद्धत. देवनागरी तिच्यात १९९१ पासूनच आहे म्हणे. माझ्या दुकानात मात्र युनिकोड आणलं ते गिऱ्हाइकांच्या फोननं. सेलू-जिंतूरकडून येणारी माणसं हातानं लिहिलेली चिठ्ठी आणायची बंद झाली आणि सगळा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करून पाठवायला लागली. मी तो कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटात घ्यायचो आणि मग मोडलेले रफार दुरुस्त करत बसायचो. म्हणजे गिऱ्हाईक माझ्या पुढं गेलं होतं, मागं मी होतो. हे कबूल करायला मला चार-पाच वर्षं लागली.

अ‍ॅपलचा टॅबलेट, आयपॅड, २०१० मध्ये आला. त्याच वर्षी अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्ज म्हणाले होते की कॉम्प्युटर पुढं ट्रकसारखे होतील. राहतील, पण लागतील थोड्यांनाच. अमेरिकेत ठीक आहे. तिथं म्हणे शेतीच्या काळात सगळ्या गाड्या ट्रकच होत्या, मग मोटारी आल्या. आमच्याकडं ट्रक कुणाच्या दारात होता? बैलगाडीवरून आम्ही थेट मोटारसायकलवर आलो. आणि मोटारसायकल ही माणसं न्यायची गाडी आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. स्प्लेंडरवर खताची दोन पोती, पुढं टाकीवर लेकरू, मागं बायको, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. कंपनीनं ती यासाठी केली नव्हती, पण आमचं काम तिच्यावरच चालतं.

फोनचंही तेच आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात कीबोर्डला कुणी बोट लावलं नव्हतं, त्या घरातला पहिला कॉम्प्युटर खिशात येऊन बसला. त्याला 'बघायचं यंत्र' म्हणणारा माणूस बहुतेक लॅपटॉपवाला असतो.

माझा पुतण्या वाढदिवसाचे बॅनर फोनवर करतो. बाजेवर लोळत, अंगठ्यानं. आधी मी हसलो. पहिल्या बॅनरवर नेत्याचा चेहरा फाटून चौकोन-चौकोन झाला होता, कारण फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेला. त्याला म्हटलं, "अरे, डॉक्युमेंट म्हणून मागव." एवढीच माझी शिकवणी, बाकी तो स्वतःच शिकला. पण एक गोष्ट मला अजून डाचते. त्याचे सगळे बॅनर एकाच आईची लेकरं वाटतात. तयार साचा, तेच सोनेरी अक्षर, तोच वाघ. हात वळायच्या आधीच साचा हातात पडला. मी वाईट काम करत करत शिकलो, त्याला वाईट काम करायची संधीच मिळाली नाही. (माझी सुरुवातीची पत्रिका कुणाकडं असेल तर कृपया फाडून टाका.)

कामाचं म्हणाल तर ते इकडून तिकडं सरकलंय. पीक पाहणी हे पूर्वी तलाठ्याचं काम होतं. २०२१ च्या खरिपापासून ई-पीक पाहणी आली आणि सातबाऱ्यावर पेरा लावायचं काम शेतकऱ्याच्या फोनवर आलं. आपलं पीक आपणच नोंदवायचं, हे मला तत्त्वानं आवडतं. पण रानात जाऊन फोटो काढायचा, आणि रेंज असते गावातल्या देवळाच्या पारावर. भाऊ सोयाबीनमध्ये हात वर करून उभा असतो, पोरगं बांधावरून ओरडतं, "अप्पा, आता एक कांडी आली!" या कामाची मजुरी कुणी धरत नाही. ते काम आहे हेसुद्धा कुणी धरत नाही.

शिकण्याबद्दल मात्र मला राग आहे. 'मोबाइलनं पोरं बिघडली' असं जो तो म्हणतो. आमच्या बहिणीच्या घरी फोन एक, माणसं पाच. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आहे, तो दीक्षा या सरकारी अभ्यासाच्या अ‍ॅपनं उघडतो, सगळं खरं. पण फोन सकाळी भाऊजींबरोबर मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, जातो आणि रात्री आठला परत येतो. मग आधी थोरला, त्याची परीक्षा असते. मग जेवण. पोरीची पाळी येते तेव्हा चार्जिंग पंधरा टक्के आणि लाइट गेलेली. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर ती शेजारच्या ओट्यावर बसून दुसऱ्याच्या फोनवर शाळा ऐकायची. ती बिघडायची कशी? बिघडायलासुद्धा फोन हातात लागतो.

आणि आता माझं स्वतःचं खूळ. मावशी पंच्याहत्तर पार आहे. ७२ च्या दुष्काळात ती सरकारी कामावर खडी फोडायला होती. लाल मिलो ज्वारी, तेव्हा खायला मिळणारी सुकडी, सगळं तिला आठवतं. तिला लिहिता येत नाही. तिच्या आठवणी तिच्याच शब्दांत उतरवायच्या म्हणून मी फोनमध्ये बोलून टाइप करायचं चालू केलं आणि फोन तिच्यापुढं धरला. ती म्हणाली, "लोकं खडी फोडायलेत, अन् मुकादम सावलीत बसलेला." फोननं लिहिलं, 'लोक खडी फोडायला आणि मुकादम सावलीत बसलेला.' आमच्याकडचं 'फोडायलेत', म्हणजे 'फोडतायत', त्याला माहीतच नाही. 'अन्'चं त्यानं 'आणि' केलं. मावशीला पुण्याची करून टाकली.

मग मी एका बोटानं एकेक शब्द परत तिचा करत बसतो. एका पानाला एक संध्याकाळ जाते. कॉम्प्युटर घरात आहे, पण तो तिच्या बाजेपर्यंत येत नाही.

परवा लिहिलेलं तिला वाचून दाखवलं. एका जागी माझ्याकडून 'फोडतायत' राहून गेलं होतं. तिनं तिथंच थांबवलं.

"असं मी कुठं म्हणले, लेकरा? पुन्हा लिही."