उतादा हिकारूंचा 'बॅड मोड' घड्याळ लावून ऐका

जपानी पॉप गायक उतादा हिकारूंच्या 'बॅड मोड' या अल्बममध्ये नवीन काय आहे, असं विचारलं की बहुतेक चाहते साथीच्या इलेक्ट्रॉनिक संगीतकारांची नावं सांगतात. ए. जी. कुक आहे, फ्लोटिंग पॉइंट्स आहे, स्क्रिलेक्स आहे. म्हणजे घर कसं झालंय असं विचारल्यावर गवंड्याचं नाव सांगावं, तसं. ही मंडळी अल्बमवर आहेत हे खरंच, आणि त्यांचा हात ऐकूही येतो. पण जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या या अल्बमचं नवेपण सिंथेसायझरच्या आवाजात शोधत बसलात तर फार थोडं हाती लागेल. ते आहे वेळेच्या हिशोबात. गाणं किती वेळ थांबतं, मुख्य ओळ कधी येते, गाणारा माणूस कधी गप्प बसतो, यात.

आधी एक भाषेची गोष्ट. उतादांनी २०२१ मध्ये आपण स्त्री-पुरुष या दोन चौकटींत बसत नाही असं जाहीर सांगितलं. इंग्रजीत त्यावर सर्वनामांची बरीच ओढाताण झाली. आपल्याकडे 'त्यांनी' आणि 'त्यांचा' यांवर काम भागतं, तेव्हा तो प्रश्न इथेच मिटला.

जपानी पॉप गाण्याचा साचा माहीत असल्याशिवाय हा अल्बम काय मोडतोय ते कळत नाही. तिकडे गाण्याचे तीन भाग मानतात: ए-मेलो, बी-मेलो आणि साबी. साबी म्हणजे ओठांवर बसणारा, सगळ्यात उंच जाणारा भाग. आपल्या भावगीतात ध्रुपद आधी येतं आणि कडव्यांनंतर आपण परत त्याच्याकडे येतो. तिथे उलटं: ए-मेलोत जमीन, बी-मेलोत जिना, साबीत गच्ची. ॲनिमेच्या, म्हणजे जपानी कार्टून मालिकेच्या, सुरुवातीच्या गाण्याला टीव्हीवर दीड मिनिटाची जागा असते आणि गाणं साधारण ८९ सेकंदांचं कापतात. त्यात दहा-पंधरा सेकंद वाद्यं, मग ए, मग बी, आणि साठाव्या सेकंदाच्या आसपास साबी यायलाच हवी. मालिका, जाहिरात, सिनेमा, सगळ्यांच्या मागण्या याच जातीच्या. म्हणून कितीतरी गाणी आधी या दीड मिनिटासाठी बेतली जातात आणि मग चार मिनिटांपर्यंत ताणली जातात. ताणलेलं ऐकू येतं. दुसरं कडवं पहिल्याचीच झेरॉक्स असतं, मग एक गिटारचा तुकडा, मग साबी एक स्वर वर चढवून पुन्हा.

त्यात कॉर्डची, म्हणजे एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुडग्यांची, एक ठरलेली वाट आहे. जपानीत तिला 'राजमार्ग' म्हणतात. षड्ज मूळ धरला तर म, प, ग, ध या क्रमानं कॉर्ड. ऐकताक्षणी गळा दाटतो असा हा क्रम आहे, आणि तो इतका वापरलाय की आता दाटलेल्या गळ्यावरही विश्वास बसत नाही.

आता गंमत बघा. 'बॅड मोड'च्या मूळ दहा गाण्यांपैकी सात गाणी आधीच कुठे ना कुठे बांधलेली होती. 'वन लास्ट किस' इव्हँगेलियन या ॲनिमेच्या शेवटच्या सिनेमासाठी, 'पिंक ब्लड' एका ॲनिमेसाठी, 'टाइम' आणि 'किमी नी मुचू' टीव्ही मालिकांसाठी, 'फेस माय फिअर्स' 'किंग्डम हार्ट्स ३' या व्हिडिओ गेमसाठी, 'दारे नी मो इवानाई' पाण्याच्या आणि 'फाइंड लव्ह' सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातीसाठी. म्हणजे प्रयोगाला वाव असा नव्हताच. दहापैकी सात गाण्यांना गिऱ्हाईक ठरलेलं. तरी हा त्यांचा सगळ्यात मोकळा अल्बम आहे. हे जमवलं कसं, तेच बघण्यासारखं आहे.

'वन लास्ट किस' घ्या. साबी म्हणजे शब्दांची गर्दी, असा रिवाज. इथे साबीत शब्द जवळजवळ संपतात. लांबलेला 'ओ' येतो आणि मोजके शब्द. सगळा तपशील ए-मेलोत आहे: पहिल्यांदा लूव्र पाहिलं, तर विशेष काही वाटलं नाही, कारण स्वतःची मोनालिसा आधीच भेटलेली. एवढं बारीक चित्र सुरुवातीच्या काही सेकंदांत उरकायचं आणि वर चढल्यावर मुकं व्हायचं. दीड मिनिटाच्या खिडकीतही हे बसतं. गिऱ्हाईक खूश, आणि साचा आतून उलटा.

'पिंक ब्लड'मध्ये जिनाच काढून टाकलाय. छोट्या ओळी नामस्मरणासारख्या फिरत राहतात. ॲनिमेच्या सुरुवातीला लागायचं गाणं, आणि त्यात धावपळ नाही की आरोळी नाही. बऱ्याच जणांनी 'गाणं सुरूच होत नाही' म्हणून नाक मुरडलं. तक्रार अचूक आहे. फक्त तो दोष नाही.

शीर्षकगीत पाच मिनिटांचं. वरवर अगदी गुळगुळीत, सत्तरच्या दशकातल्या फंकची आठवण देणारं, आणि शब्द मात्र घरातल्या पायजम्यातले: मेल बघू नकोस, नेटफ्लिक्स लाव, उबर ईट्सवरून काहीतरी मागवू. जवळच्या माणसाचं मन खचलंय आणि आपण त्याच्या शेजारी बसलोय, एवढाच प्रसंग. निम्म्याहून पुढे गेल्यावर ताल विरघळतो, वाद्यं धूसर होतात, आणि थोडा वेळ गाण्यात कुणीच नसल्यासारखं वाटतं. मग सगळं परत येतं. रेडिओवाल्याला हा तुकडा कापावासा वाटेल. पण तो कापला तर उरतं फक्त 'काळजी करू नकोस' असं सांगणारं एक गोड गाणं. खचलेल्या माणसाबरोबर गप्प बसण्याचा वेळ त्या तुकड्यातच आहे.

इथे शब्दांच्या मापाबद्दल थोडं बोलायला हवं, कारण उतादांचं खरं कसब तिथे आहे आणि मराठी वाचकाला ते चटकन कळेल. जपानी भाषा मात्रांवर चालते. आपल्या मात्रावृत्तात लघू १, गुरू २, अनुस्वार आला की अक्षर गुरू. जपानीत दीर्घ स्वराची जास्तीची मात्रा वेगळी मोजतात, 'न्' स्वतः एक मात्रा, आणि जोड व्यंजनाआधीचा क्षणभराचा अडखळाही एक मात्रा. 'निप्पोन' म्हणजे नि-प्-पो-न्, चार. त्यामुळे इंग्रजी शब्द जपानी तोंडात पसरतो. 'वन लास्ट किस' इंग्रजीत तीन अक्षरं; जपानी पद्धतीनं वा-न्-रा-सु-तो-कि-सु, सात मात्रा. तीन स्वरांच्या जागी सात. साध्या जपानी पॉपमध्ये इंग्रजी ओळी लाकडी वाटतात त्या यामुळे.

उतादांचा जन्म १९८३ चा, न्यूयॉर्कचा, आणि दोन्ही भाषा घरच्या. डिसेंबर १९९८ मधल्या 'ऑटोमॅटिक' या जपानी पदार्पणाच्या गाण्यात त्यांनी उलट बाजूनं घाव घातला होता. सुरुवातीची ओळ 'सातव्या घंटेला' अशा अर्थाची, 'नानाकाइमे नो बेरु दे'. ती त्यांनी 'ना' वर तोडली, पुढे 'नाकाइमे नो बे' वर पुन्हा तोडली, आणि 'रु दे' पुढच्या तुकड्यात ढकललं. शब्द मधोमध चिरला. वृत्तात यतिभंग झाला की आपण चूक काढतो. इथे यतिभंग हाच ताल झाला. पुढच्या मार्चमध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, 'फर्स्ट लव्ह' आला आणि जपानात ७५ लाखांहून जास्त प्रती खपल्या.

'बॅड मोड' हा त्यांचा पहिला दोन्ही भाषांतला अल्बम म्हणून गाजवला गेला. पण त्यातली इंग्रजी दागिन्यासारखी वरून घातलेली नाही. जपानी ओळीत प्रत्येक मात्रेला जवळपास सारखी जागा, इंग्रजी ओळीत जोर एका अक्षरावर आणि बाकीची त्याच्या मागे लपलेली. एका ओळीत भाषा बदलली की वाद्यांना हात न लावता ताल बदलतो. ढोलकीवाल्यानं ठेका तोच ठेवून बोल बदलावेत, तसं. शब्दांचा अर्थ कळत नसेल तरी हे ऐकू येतं, म्हणून पहिल्या फेरीत भाषांतर उघडूच नका.

आता शेवटच्या गाण्याकडे, कारण सगळा वाद त्याचाच आहे. 'समव्हेअर निअर मार्सेलिस' जवळपास १२ मिनिटांचं आहे. मूळ दहा गाण्यांच्या एकूण वेळेचा साधारण पाचवा हिस्सा या एकट्या गाण्याचा. मराठी माणसाला मार्सेलिस म्हटलं की १९१० सालची समुद्रातली उडी आठवणार. इथे प्रकरण फारच निवांत आहे: मी लंडनला, तू पॅरिसला, उन्हाळ्यात कुठेतरी भेटू या, जायला सोपं असेल असं ठिकाण बघू, मार्सेलिसच्या आसपास. नकाशा काढून बघा. लंडन-पॅरिस आगगाडीनं सव्वादोन-अडीच तासांचं अंतर, आणि मार्सेलिस पार दक्षिणेच्या किनाऱ्यावर. 'सोपं' म्हणून सगळ्यांनाच लांब पडणारं गाव सुचवणारा प्रेमिक! भेट ठरवण्यातच वेळ काढायचाय, आणि गाणंही तेच करतं.

हा हाउस या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा साचा आहे: दर ठोक्याला किक ड्रम, चार ठोक्यांचं आवर्तन, आणि बदल आठ किंवा सोळा आवर्तनांनी. हिशोबाला मिनिटाला १२० ठोके धरा. एक आवर्तन २ सेकंदांचं, १६ आवर्तनं म्हणजे ३२ सेकंद. पॉप गाण्यात तेवढ्यात ए-मेलो संपून बी-मेलो लागलेला असतो. इथे फक्त एक झांज उघडते.

पॉप गायक या साच्यात उतरले की नेहमी त्याच चुका होतात. पहिली, गाणं थांबत नाही. प्रत्येक आवर्तनात आवाज भरतात, आणि मग फिरत राहणाऱ्या आवर्तनाकडे कानच जात नाही. दुसरी, राजमार्ग सोडवत नाही. दर दोन ठोक्यांनी कॉर्ड बदलला की ऐकणारा पुढे काय येणार याची वाट बघू लागतो, आणि हाउसमध्ये वाट बघायची नसते, राहायचं असतं. तिसरी चूक तांत्रिक: किक आणि बास, म्हणजे खालच्या सुरांचं वाद्य, दोघांचा जीव ५० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात. दोघं एकदम वाजले की चिखल होतो. म्हणून किक पडताच बासचा आवाज क्षणभर दाबून पुन्हा वर सोडतात. हे दाबणं जास्त झालं तर गाणं धापा टाकल्यासारखं वाटतं. कमी झालं तर चिखल तसाच राहतो.

फ्लोटिंग पॉइंट्सच्या साथीनं उतादांनी या तिन्ही ठिकाणी संयम पाळलाय. कॉर्ड मोजके, आवाज येतो आणि जातो, आणि शब्द संपल्यावरही यंत्रं बराच वेळ चालू राहतात. 'एवढं लांब कशाला' असं विचारणाऱ्यांपैकी काही जण अर्धा तास बडा ख्याल मान डोलावत ऐकतात. अर्थात तुलना तिथेच थांबते: ख्यालात गाणारा जागा भरत नेतो, इथे मोकळी करत नेतो.

सगळंच जमलंय असं नाही. 'फेस माय फिअर्स' २०१९ चं आहे आणि तसंच वाजतं. स्क्रिलेक्सचा तो चिरलेला आवाज, ती चढण आणि मग कोसळणं, हे सगळं जुन्या साच्यातलं. फक्त साबीच्या जागी यंत्र बसवलंय. शेवटून दुसरं गाणं म्हणून ते ठेवणं मला चूक वाटते. आठव्या गाण्यापर्यंत कान जो धीर शिकलाय, तो ते मोडून टाकतं. त्याउलट 'दारे नी मो इवानाई'कडे फारसं कुणी बघत नाही. नुसत्या आवाजांच्या थरांनी सुरू होऊन सॅक्सोफोनपर्यंत जाणारं ते गाणं जाहिरातीसाठी होतं, यावर आजही विश्वास बसत नाही.

ऐकायचं असेल तर फोनच्या स्पीकरवर नको. लहान स्पीकर २०० हर्ट्झच्या खाली जवळपास काहीच देत नाही, म्हणजे शेवटच्या गाण्याचा अर्धा जीव तिथेच गेला. इअरफोनचं रबर कानात नीट बसलेलं हवं. फट राहिली की सगळ्यात आधी बास गळतो. ॲपमधली गाणी एकमेकांत मिसळणारी सोय, म्हणजे क्रॉसफेड, बंद करा. नाहीतर शांत शेवट पुढच्या गाण्याखाली चिरडले जातात. शफलही बंद. स्पॉटिफाय सलग अल्बम वाजवताना सगळ्या गाण्यांचा आवाज एकाच मापानं खालीवर करतं, शफलमध्ये प्रत्येकाचा वेगळा. त्यात कमी आवाजातली गाणी उगीच मोठी होतात आणि चढउतार सपाट होतात.

दुसऱ्या फेरीला कागद घ्या. प्रत्येक गाण्यात साबी कितव्या सेकंदाला आली आणि आवाज सलग किती सेकंद गप्प होता, एवढ्या दोनच गोष्टी लिहा. काही ठिकाणी पहिला रकाना भरताच येणार नाही. त्यानंतर लंडनच्या एअर स्टुडिओत वादकांसह केलेलं चित्रीकरण बघा. ड्रम आणि बास तिथे माणसं वाजवतात, त्यामुळे मूळ ध्वनिमुद्रणात यंत्राचं काय आणि गाण्याच्या बांधणीचं काय, हे वेगळं काढता येतं.

आणि दहाव्या गाण्यानंतर ॲप आपोआप बोनस गाणी सुरू करतं. त्यातली दोन पुन्हा 'फेस माय फिअर्स'च आहेत. तिथे हात पुढे करायचा आणि बंद करायचं.