विद्यापीठातला फिटनेस वेळापत्रकात हवा

पेठेपेठेत तालीम असलेल्या कोल्हापुरात विद्यापीठातला माणूस दिवसभर खुर्चीत आणि उरलेला वेळ गाडीवर, हे मनाला लागतं. २१ जूनला योग दिन, मध्येच एखादं तपासणी शिबिर, की वर्ष संपलं. एवढ्यानं प्रकृती सुधारत नाही.

आधी शिबिराचं बघा. जिना चढून आलेला, रांगेत ताटकळलेला, नुकताच चहा घेतलेला माणूस खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा, तोही शर्टावरून. शेजारच्याशी बोलणं चालूच. असं मोजलेलं बीपी बहुतेक वेळा जास्तच भरतं आणि माणूस उगाच धास्तावतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून ५ मिनिटं गप्प बसावं. दंड उघडा, हृदयाच्या पातळीला. मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजायचं. रांग हळू सरकेल, सरकू दे. कंबरही मोजा: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप, श्वास सोडल्यावर. पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर साखर तपासून घ्यावी.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान २ दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. पहिल्यासाठी राजाराम तलावाच्या बाजूला भरभर चाला. बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, असा वेग. ताकदीला महागडी मशिनं कशाला? जोर-बैठका आहेत की! चुकतं ते सुरुवातीला. होस्टेलची पोरं पहिल्याच दिवशी ईर्षेनं शंभर बैठका मारतात, तिसऱ्या दिवशी मांड्या भरून जिना उतरवत नाही, आणि व्यायाम सुटतो. (अशा वेळी लघवी चहासारखी गडद झाली तर थेट डॉक्टरांकडे जा, हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही.) ८ बैठकांचे ३ सेट, मध्ये दीड मिनिट दम खायचा. दर आठवड्याला सेटमागे २ वाढवा. गुडघे आत झुकू देऊ नका. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठा-बसा, आणि जोर भिंतीला हात लावून. छातीत दुखलं, चक्कर आली तर तिथंच थांबायचं.

संध्याकाळी पाचनंतर ठेवलं की बायकांना घर गाठायचं असतं, पोरांना एसटी. म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार पहिल्या तासाआधी २० मिनिटं अधिकृतपणे द्या. विभागाच्या व्हरांड्यात प्राध्यापक, शिपाई, विद्यार्थी एकाच ओळीत. आपल्याकडचा पाऊस कितीही लागून राहिला तरी व्हरांड्यात बैठका मारता येतात.